शूर्पणखेचं न पडलेलं नाक

शूर्पणखेचं नाक आमच्याकडे पोह्यांच्या डब्यात असायचं. एक नव्हे, चांगली ओंजळभर नाकं. लग्न होऊन मी पंचवटीतल्या या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात पोहे करायला म्हणून फळीवरचा डबा काढला. झाकण उघडलं आणि जी किंचाळले! आत लालभडक कडांची, काळीनिळी, ही एवढाली नाकं. सासूबाई चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अगं, तो नाकांचा. पोह्यांचा त्याच्या शेजारचा." आपण कुठल्या घरात येऊन पडलो आहोत हे मला तेव्हा कळलं.

आमचा धंदा मुखवट्यांचा. भाद्रपदात गौरींचे मुखवटे करायचो, पण खरं काम होळीच्या आसपास सुरू व्हायचं, बोहाड्याचं. शहरातल्या पुष्कळांना बोहाडा ठाऊक नसतो, म्हणून सांगते. नाशिकच्या पश्चिमेला, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरांत चैत्र-वैशाखात गावदेवीचा उत्सव होतो. त्यात गावची माणसं देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचत गावातून फिरतात. याला सोंग काढणं म्हणतात. कुठलं सोंग कुठल्या घरानं काढायचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं, तो त्या घराचा मान. रावणाच्या घरात जन्मलेल्याला राम होता येत नाही, आणि गंमत म्हणजे त्याला व्हायचंही नसतं.

मुखवटा लागतो कागदाचा. रद्दी भिजत घालायची, मेथ्यांबरोबर कुटायची. मेथ्यांनी लगद्याला चिकटा येतो. खळीत मोरचूद टाकायचं, नाहीतर कीड पुढच्या वर्षापर्यंत रावणाची पाच-सहा डोकी खाऊन टाकते. मातीच्या साच्यावर थर चढवायचे, उन्हात कडकडीत वाळवायचं, वर खडूच्या पुडीचा हात, मग रंग, मग वार्निश. मेथ्या कुटून कुटून फाल्गुनात माझ्या हातची आमटीसुद्धा कडू लागते अशी आमच्या ह्यांची कायमची तक्रार होती. हे सातपूरला एका कारखान्यात होते, त्यांनी लगद्याला कधी बोट लावलं नाही. धंदा शिकले ती मी, सासऱ्यांकडून. त्यांना सगळे नाना म्हणत.

आणखी एक सांगते. मुखवटा घातलेला माणूस मुखवट्याच्या डोळ्यांतून बघतो असं सगळ्यांना वाटतं. नाही हो! मुखवटा इतका मोठा असतो की त्याचे डोळे माणसाच्या कपाळाच्याही वर जातात. माणूस बघतो ते नाकाखाली ठेवलेल्या बारीक भोकांतून. गावातून नाचत जायचं, तेही सुईच्या छिद्रातून बघत. ज्यानं ते केलं त्यालाच ठाऊक.

शूर्पणखेचं काम सगळ्यांत किचकट. तिचं नाक वेगळं करायचं आणि सुतळीनं अलगद अडकवायचं. लक्ष्मणाच्या लाकडी तलवारीचा नुसता धक्का लागला की ते खाली पडायचं, मागून लाल चिंधी लोंबायची, आणि अख्खं गाव टाळ्या पिटायचं. पडलेलं नाक घेऊन पोरं पळून जायची, म्हणून दरवर्षी नवं लागायचं. म्हणून तो डबा. आता नाशिकच्या माणसाला या नाकाचं काय सांगायचं? आमच्या गावाचं नावच त्यावरून पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. ज्या जागी त्या बाईचं नाक कापलं म्हणतात, तिथून दोन हाकांच्या अंतरावर बसून आम्ही तिची नाकं करत होतो आणि त्यात आम्हाला कधी काही वाटलं नव्हतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. हरसूलच्या बाजूचा एक जण वालीचं सोंग काढायचा. दरवर्षी मुखवटा रंगवायला घेऊन यायचा आणि नानांशी भांडायचा, जसं काही बाण नानांनीच मारला. "नाना, झाडाआडून बाण मारला रामानं, हे तुमाला पटतं का?" नाना म्हणायचे, "मिशा काळ्या करू की तपकिरी, ते सांग." एका वर्षी म्हणे हा पठ्ठ्या बाण लागूनही पडेना. भर गावात उभा राहून ओरडतोय, "म्होरं ये! म्होरं येऊन मार, मंग पडतो!" रामाचं सोंग काढणारा बिचारा साधा माणूस. तो झाडामागून बाहेर आला, धनुष्य खाली ठेवून हात जोडले आणि म्हणाला, "पड रे बाबा, ऊन लय झालं." तेव्हा वाली पडला.

शहरातली गिऱ्हाइकं वेगळी. गंगापूर रोडवरच्या एक बाई मुलीच्या गॅदरिंगसाठी कैकेयीचा मुखवटा करून घ्यायला आल्या होत्या. अगदी अजिजीनं म्हणाल्या, "जरा सभ्य करा हं. माझी मुलगी वाईट दिसायला नको." मी म्हटलं, "बाई, कैकेयी वाईट दिसत असती तर दशरथानं तिचं ऐकलं असतं का?" बाई हसल्या, पण मुखवटा नेताना दोनदा थांबून बघितलं त्यांनी त्याच्याकडे. बहुतेक पहिल्यांदाच कैकेयीचा विचार करत होत्या.

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो भिवा. पेठच्या घाटापलीकडच्या एका गावात त्याच्या घराकडे शूर्पणखेचा मान होता. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. भिवा उंच, हडकुळा, बोलायला लाजरा. आजा शूर्पणखा, बाप शूर्पणखा, आता हा शूर्पणखा. फाल्गुनात यायचा, नवं नाक फडक्यात बांधून न्यायचा, "येतो वहिनी" एवढंच बोलायचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं, त्या वर्षी मात्र तो मुखवटाच गोणपाटात घालून घेऊन आला. पावसाळ्यात गळतीखाली राहून मुखवटा पार फुगला होता, नवाच करायला हवा होता. सोबत त्याची मुलगी होती, हिरा. बारा-तेरा वर्षांची असेल. ती आत आली नाही, ओट्यावरच बसली, ओढणीनं नाक झाकून.

मी म्हटलं, "सर्दी झाली का गं?" तिनं नुसती मान हलवली.

भिवानं आत येऊन दार लोटलं. मग खाली बघत बोलायला लागला. "वहिनी, सोंगात माझं नाक पडलं का नाय, का समोर मोठं भोक पडतं. तवर मला आतून काय दिसत नाय, नुसते लोकांचे पाय. नाक पडलं का मंग गाव दिसतं. सगळे हसताना दिसतात. दरसालचंच हाय ते, मला काय नाय त्याचं. पर मागल्या साली भोकातून म्होरं हिरा दिसली. सगळी हसत होती अन् ही आपलं नाक असं दोन्ही हातांनी धरून उभी."

आश्रमशाळेत पोरांनी तिला 'नकटी' म्हणायला सुरुवात केली होती. हिच्या बापाचं कापलं, आता हिचं कापू, म्हणून एकानं चिमट्यात नाक धरून ओढलं. दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. "मास्तर दोनदा येऊन गेले. पोरगी हुशार हाय म्हनतात. ही ऐकतच नाय. घरात पन ओढणी काढत नाय."

"मग मान सोडून दे या वर्षी," मी म्हटलं.

त्यानं असं बघितलं माझ्याकडे, जसं मी त्याला आईबाप विकायला सांगितलं. "मान कसा सोडू? देवीनं दिलेला हाय. मी सोडला तर आमच्या घराला बोहाड्यात उभं राहायला जागा नाय." मग एकदम नानांकडे वळला. "नाना, असं नाक करा का ते पडणारच नाय."

"होणार नाही," नाना म्हणाले. रागानं नव्हे, पण दार लावल्यासारखं. "वाली पडतो, रावण पडतो, तसं तिचं नाक पडतं. आपण कागद कुटणारी माणसं. गोष्ट आपली नाही, भिवा."

मला राहवलं नाही. सासऱ्यांपुढे गिऱ्हाइकासमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, पण माझं तोंड मुळातच रीतीत बसणारं नाही. "गोष्ट आपली नसेल नाना, नाक तर आपलं आहे ना? आपण सैल बांधतो म्हणूनच पडतं ते."

नानांनी गोणपाट आपल्याकडे ओढून घेतलं. भिवाला म्हणाले, "मुखवटा करून ठेवतो. नाकाचं नंतर बघू." भिवा पोरीला घेऊन गेला.

मी काही गप्प बसले नाही. संध्याकाळी लगदा कुटता कुटता नानांना धरलंच. आता हे सांगते ती मी काही नास्तिक बाई नव्हे. काळ्या रामाचं दर्शन घेतल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नव्हता, आजही होत नाही. पण रोज भेटणाऱ्या माणसालाच आपण विचारतो ना, की बाबा रे, असं का वागलास?

"ती बाई येते," मी म्हटलं. "सांगते, मला हा पुरुष आवडला. झालं काय त्यात? राम म्हणतो, माझं लग्न झालंय, धाकट्याकडे जा. धाकटा म्हणतो, मी पडलो दास, मोठ्याकडेच जा. ती इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोघं भाऊ तिची थट्टा करतायत आणि तिला कळतही नाहीये. माणसाला आशेला लावून हसायचं, आणि चिडली की नाक कापायचं?"

"ती सीतेच्या अंगावर धावली," नाना म्हणाले.

"धावली. चुकलंच तिचं, मी कुठं नाही म्हणतेय! मग धरा तिला, ढकलून द्या, बांधून घाला झाडाला. एवढे धनुर्धर दोघं, त्यांना एक बाई आवरेना? नाकच का? जन्मभर कुणाला तोंड दाखवता येऊ नये म्हणूनच ना?"

नानांच्या हातातलं मुसळ थांबलं. त्यांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं. मग म्हणाले, "सूनबाई, उभा जन्म मी ती नाकं करतोय. हे मला कधी कुणी विचारलं नाही गं." आणि जरा वेळानं, "मीही नाही विचारलं." पाय ओढत उठून गेले. मला वाईट वाटलं. आपण जास्त बोललो की काय असं वाटत राहिलं, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

मुखवटा मी करायला घेतला. आमच्या मुखवट्यांच्या कारखान्यातलं एक गुपित सांगते, आता सांगायला हरकत नाही. नानांकडे बायकांचा साचा एकच होता. सीता, मंदोदरी, त्राटिका, शूर्पणखा, सगळ्या त्याच साच्यातून निघायच्या. लांबट, देखणा चेहरा, जरा झुकलेल्या पापण्या. मग सीतेला कुंकू लावायचं आणि शूर्पणखेला सुळे, फुगलेल्या भुवया, लोंबती जीभ. सुळे आम्ही वेगळे करून वरून चिकटवायचो.

भोकं डोळ्यांसमोर बरोबर येतात का ते बघायला भिवाला परत बोलावलं होतं. तो आला, हिराही आली. अंगणात बाजेवर साच्यातून काढलेला चेहरा वाळत ठेवला होता, पांढरा, कोरा. या वेळी मी नाक वेगळं न ठेवता साच्यातून आलं तसंच राहू दिलं होतं. नानांना अजून सांगितलं नव्हतं.

भिवा म्हणाला, "सीता केली का औंदा?"

"नाही, ही तुझीच."

भिवा मटकन खाली बसला. मुखवट्याकडे बघतच राहिला. हिरा मात्र पुढं झाली. ओढणी तशीच नाकावर, पण वाकून तिनं त्या कोऱ्या गालावरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, "काकू, हिचे दात कुठं हायेत?"

"ते नंतर लावतो आम्ही."

"कोण लावतं?"

"मीच की."

"मंग नका ना लावू."

 मी म्हटलं, "दात लावावे लागतील गं बाई. नाहीतर ही कोण ते गावाला कळणार कसं? पण नाक राहील. ते मी तुला सांगते." बोलून गेले आणि मागं बघितलं तर दारात नाना उभे.

वाटलं, आता उडाला भडका. पण नाना सरळ कोपऱ्यात गेले, बांबूची कांब उचलली आणि तासायला बसले. नाकाच्या आतून बसेल इतकी बारीक कांब तासली. मग मांजरपाटाच्या पट्ट्या खळीत बुडवून नाक, गाल, कपाळ सगळं आतून एकजीव केलं. मला त्यांनी कशालाच हात लावू दिला नाही. काम झाल्यावर नाक चिमटीत धरून गदागदा हलवलं आणि म्हणाले, "करायचं ठरलंच आहे ना? मग असं करू की हत्तीनं ओढलं तरी निघता कामा नये." अशी माणसं आता होत नाहीत. भोकं मी दातांच्या फटींत ठेवली, म्हणजे नाक न पडताही भिवाला समोरचं नीट दिसावं.

गावाला आधी सांगायचं नाही असं आमचं ठरलं. आधी विचारलं असतं तर आधीच नाही म्हणाले असते. पण पुढं काय होणार याची भीती होतीच. मान गेला तर भिवाचं घर उठणार होतं. आणि नाक पडलं तर हिरा पुन्हा शाळेचं तोंड बघणार नव्हती. मी ह्यांना म्हटलं, मी जाणार बोहाड्याला. आमच्या घरातलं बाईमाणूस तोवर कधी गेलं नव्हतं. हे म्हणाले, "तू जाऊन काय करणार?" मी म्हटलं, "माझं नाक आहे, मी बघणार."

पेठच्या एसटीनं सावळघाट चढून गेले, भिवाच्या घरी मुक्काम केला. त्या गावात रामायणाची सोंगं उजाडल्यावर निघतात. कोवळी उन्हं, देवीच्या देवळापुढचं मैदान, माणसांची ही गर्दी. बायका एका बाजूला, त्यांच्यात मी आणि भिवाची बायको. हिरा सगळ्यांच्या पुढं, ओढणी नाकावर.

राम, सीता, लक्ष्मण आले. लक्ष्मण होता केरू म्हणून एक तरणाबांड गडी. मग भिवा आला. बाई गं! इतकी वर्षं मुखवटे केले, पण नाचताना कधी बघितले नव्हते. माझ्या हातचा कागद जिवंत होऊन पावलं टाकत होता.  शूर्पणखा रामाकडे गेली, रामानं लक्ष्मणाकडे बोट दाखवलं. लक्ष्मणानं रामाकडे. गाव खदखदा हसलं. मग ती सीतेवर धावली, केरूनं तलवार उगारली आणि नाकावर मारली.

नाक पडलं नाही.

तिथला संबळवाला नाक पडल्यावर चाल बदलतो. नाक पडलंच नाही, म्हणून तो तीच चाल वाजवत राहिला. केरूला वाटलं नेम चुकला. त्यानं पुन्हा मारली. संबळ तसाच. लोक माना उंचावून बघायला लागले. केरू चिडला, त्यानं दोन्ही हातांनी तलवार धरून असा काही घाव हाणला म्हणता, काडकन आवाज आला. मी डोळे मिटले. उघडले तर केरूच्या हातात नुसती मूठ, आणि तलवारीचं पातं पडलेलं धुळीत. माझ्या नाकानं लक्ष्मणाची तलवार मोडली होती!

 फक्त संबळ वाजतोय. मुखवट्याच्या आत भिवाला काय करावं कळेना. दरवर्षी तो नाक पडलं की लोळायचा, रडायचा, तेवढंच त्याला येत होतं. आता तो नुसता उभा होता.

तेवढ्यात बायकांमधून गावच्या भगताची आई ओरडली. अगदी थकलेली म्हातारी, भिंतीला टेकून बसलेली. "आरं वाजव की पुढचं! किती येळ उभी करशील तिला? लय झालं. जाऊ दे तिला घरी!"

संबळवाल्यानं चाल बदलली. आणि शूर्पणखा वळली आणि मान वर करून, नाकासकट, संथ पावलं टाकत आपल्या घराकडे चालायला लागली. बायकांनी वाट करून दिली. आधी एक हसली, मग सगळ्याच हसायला लागल्या, पण ते हसणं वेगळं होतं. मी हिराकडे बघितलं. तिचे दोन्ही हात तोंडावर होते आणि ओढणी गळ्यात आली होती.

इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. उन्हं तापल्यावर देवळापुढं पाच-सहा कर्ती माणसं बसली. केरू सगळ्यांत तावातावानं बोलत होता. "नाक कापलं नाय तर राक्षसीण जिकली! मंग रावण येनार कसा? सीता जानार कशी? रामायन पुढं जानार कसं?" भिवाकडून मान काढून घ्यावा असंच बहुतेकांचं मत दिसत होतं. भिवा खाली मान घालून बसला होता. कुणीतरी त्याला विचारलं, नाक पडलं का नाही? 

मी पदर खोचला आणि पुढं झाले. अशा बैठकीत बाईनं बोलायचं नसतं, पण मी परगावची, मला काय! "त्याला काय विचारता? नाक माझं आहे. मीच घट्ट बसवलं. चुकून नाही, मुद्दाम. ते पडलं की तुम्ही टाळ्या वाजवता आणि मग तुमचीच पोरं याच्या लेकीचं नाक ओढतात. तिनं काय केलंय? तिनं कुणाला मागणी घातली? पडणारं नाक हवं असेल तर पुढच्या वर्षी दुसरीकडून करून घ्या. आमच्या घरात ते पुन्हा होणार नाही."

बोलून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं. नानांना न विचारता मी घराच्या नावानं बोलून बसले होते.

भगत म्हणजे त्या म्हातारीचा मुलगा, पिकल्या मिशांचा शांत माणूस. त्यानं तंबाखू मळली, तोंडात टाकली, मग केरूला म्हणाला, "केरू, रावण काय बहिनीचं नाक बघून आला व्हय रं? सीतेला बघून आला तो. त्याला यायचंच व्हतं. त्याला निमित्त आपन कशाला द्यायचं?" मग सगळ्यांकडे बघत म्हणाला, "देवीच्या म्होरं सोंग नाचलं, देवीनं बघितलं. तलवार तिनंच मोडली आसंल. मान भिवाकडंच ऱ्हाईल."

तलवार देवीनं नव्हे, नानांच्या बांबूनं मोडली होती. पण असल्या वेळी श्रेय मागायचं नसतं एवढं मलाही कळतं.

घरी आल्यावर नानांना सगळं सांगितलं. बैठकीत काय बोलले तेही सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "कुठून मोडली? मुठीपाशी की मधून?" मी म्हटलं मुठीपाशी. त्या दिवशी नाना दोन भाकऱ्या जास्त जेवले.

पुढच्या फाल्गुनात भिवा आला नाही. होळी झाली, रंगपंचमी झाली. इतर गावांचे मुखवटे येऊन रंगून गेले, भिवाचा पत्ता नाही. नाना दाराशी एसटीतून उतरलेलं कुणी आलं की मान वर करायचे. माझ्या मनात नको नको ते येत होतं. केरूनं गावाचं मन फिरवलं असेल, मान गेला असेल, आणि आपल्या शहाणपणापायी एक घर उघडं पडलं असेल.

एका दुपारी दारात हिरा उभी. शाळेचा निळा-पांढरा गणवेश, दोन वेण्या, डोक्यावर गोणपाटातला मुखवटा. एकटी आली होती, पेठहून. ओढणीचा पत्ता नव्हता. चांगलं सरळ नाक होतं पोरीचं, मी पहिल्यांदाच बघितलं.

"अगं, बाबा कुठाय?"

"बाच्या पायाला लागलंय, झाडावरून पडला. पर सोंग काढनार हाय तो. मलाच धाडलं."

"आणि शाळा?"

"जाते की. आता कोन काय म्हनत नाय. पोरं म्हनतात, हिच्या वाटंला जाऊ नका, हिच्या बानं लक्षुमणाची तलवार मोडली." आणि हसली.

मी गोणपाट सोडलं. मुखवट्याचा रंग जरा उडाला होता, एक सुळा हलत होता. नाक मात्र जागच्या जागी होतं. "मग काय करायचं? रंगाचा हात द्यायचा ना?"

"रंग द्या. अन् नथ पायजे."

"काय पाहिजे?"

"नथ. गावातल्या बायांनी सांगितलंय. नाक हाय तर नथ नको का, म्हनल्या. भगताच्या आयनं तर सांगितलं, नथीबिगर सोंग निघायचं नाय."

मी नानांकडे बघितलं. नाना बाजेवर पडून होते, त्या वर्षी त्यांना फारसं उठवत नव्हतं. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नसेल. पण ते कोपरावर टेकून उठले आणि म्हणाले, "सूनबाई, मणी मोठे घे. सीतेच्या नथीपेक्षा मोठी झाली पाहिजे."

नाना पुढच्या पावसाळ्यात गेले. मी त्यानंतर बरीच वर्षं मुखवटे केले. मग फायबरचे आले, माझे गुडघे गेले, आणि कारखाना बंद केला. बोहाड्याच्या दिवसांत अजून हात शिवशिवतात, मेथ्यांचा वास आला की जीव कासावीस होतो. पण शूर्पणखा तेवढी मी शेवटपर्यंत केली, कुठल्याही गावाची असली तरी पक्क्या नाकाची. ज्यांना पटलं नाही ती गावं दुसरीकडे गेली, जाऊ देत. ज्यांना पटलं त्यांना नथ मी माझ्याकडून दिली.

आणि हिरानं नथीचं सांगितलं त्याच दिवशी, ती गेल्यावर मी फळीवरचा तो डबा खाली काढला. उरलेली नाकं पाण्यात टाकली, त्यांचा लगदा झाला, त्यातून एका गावची सीता केली. डबा घासून पुसून वाळवला. तेव्हापासून त्यात पोहे आहेत.